खोली बेचाळीसची हजेरी

आमच्या घरातले एक आजोबा एकोणीस वर्षांचे होते, आणि ते कायमचे तेवढेच राहिले. माझ्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले आणि परत आले नाहीत. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, त्यानंतर वर्षभराने जन्मले. न पाहिलेल्या या माणसाला ते पलटणकाका म्हणायचे, म्हणून आम्हीही पलटणकाकाच म्हणू लागलो. आता मी एकोणसाठ वर्षांची आहे आणि तो माझ्या भाच्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे मी त्याला एकेरीत बोलते. त्याला राग आला असता असं मला वाटत नाही.

भिंतीवर त्याचा छावणीतून आलेला फोटो होता. लोक छातीपर्यंतचा फोटो काढतात, म्हणजे चेहरा नीट दिसतो. पलटणकाकाने डोक्यापासून पायापर्यंत उभा काढून घेतला होता. त्यामुळे चेहरा नखाएवढा, आणि बूट मात्र अगदी लेसच्या गाठीसकट स्पष्ट. आमच्या गावात वरच्या आळीतून जाताना आमच्या माणसांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. त्या गावच्या, त्या वस्तीतल्या पोराला सरकारने नवेकोरे बूट दिले होते. फोटोबरोबर एक पोस्टकार्ड होतं. त्यात त्याने लिहिलं होतं की बूट मिळाले, पहिल्या रात्री काढलेच नाहीत, तसाच झोपलो, थोड्या दिवसांनी बोटीवर चढवणार आहेत, आईला एवढ्यात सांगू नका. आमच्या घरात बाराखडीच्या आधी हे कार्ड पाठ व्हायचं.

भरतीची गोष्टही पाठ होती. आजोबा स्वतः त्याला घेऊन गेले होते. छाती अर्धा इंच कमी भरली. मोजणाऱ्याने परत जा म्हटलं, तर हा बाहेर जाऊन पुन्हा रांगेत शेवटी उभा राहिला. दुसऱ्या वेळी श्वास भरून इतका वेळ धरला की टेप सुटेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. आजोबा ही गोष्ट सांगताना स्वतः छाती फुगवून दाखवायचे, मग एकदम गप्प व्हायचे आणि तंबाखू शोधायला लागायचे. ते गप्प का होतात हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं.

आम्ही वरळीच्या चाळीत राहायचो, खोली नंबर बेचाळीस; गावाहून आलेला पलटणकाकाही भरतीआधी आजोबांकडे तिथेच राहिला होता. आमच्या चाळीत एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. सव्वीस जानेवारीला मैदानात झेंडावंदन झालं की हजेरी व्हायची. चाळीतून फौजेत गेलेले आणि परत न आलेले जे, त्यांची. युद्धावरून परतलेल्या कुणीतरी ती सुरू केली. नावं वाचायची नाहीत, खोलीचा नंबर पुकारायचा. त्या खोलीतल्या एकाने पुढे येऊन उजवा हात वर करून म्हणायचं, "हजर." एवढंच. भाषण नाही, हार नाही, माईक नाही. दहा-बारा खोल्या, पाच मिनिटांत संपायचं, आणि त्या पाच मिनिटांसाठी आप्पा आदल्या दिवसापासून तयारीला लागायचे. सकाळी उठून खडीसाखर चघळत बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. आवाज वाया जायला नको.

"खोली बेचाळीस."

"हजर."

गिरणीत जन्म गेलेला माणूस. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात ओरडून बोलायची सवय. त्यांची हजेरी मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायची.

पलटणकाका ब्रह्मदेशात लढताना गेला, असं आम्हाला सांगितलं होतं. आजोबांनी चाळीला सांगितलं, आप्पांनी आम्हाला. घरात रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील व्हायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आप्पा सगळी शीलं खणखणीत म्हणायचे. चौथ्याला त्यांचा आवाज थोडा उतरायचा, असं मला आता आठवतं. कदाचित हे मी मागाहून जुळवलं असेल, पण मला तसंच आठवतं.

आप्पा गेले त्याला सहा वर्षं झाली. ते गेल्यानंतरच्या जानेवारीत बेचाळीसचा हात कोण वर करणार असा प्रश्न आला. भाऊ कल्याणला राहतो, त्याला सुट्टीच्या दिवशी लवकर उठवत नाही. मी उभी राहिले. बाईमाणूस, त्यातून लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली, अशी थोडी कुजबुज झाली. दुसऱ्या घरची झालेली मी दोन वर्षांत परत आले होते आणि त्यानंतर त्याच बेचाळीसमध्ये आईवडिलांचं सगळं केलं होतं, तेव्हा कुजबुजणाऱ्यांकडे मी एकदा नीट बघितलं आणि विषय संपला. मी "हजर" म्हटलं. आप्पांइतका आवाज आला नाही, पण आला.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिच्यामुळे झाली. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मी तीस वर्षांवर काम केलं. मागच्या वर्षी निवृत्त झाले. केसपेपर लावायचे, काढून द्यायचे, मृत्यूचे दाखले तपासायचे. दाखल्यावर मृत्यूच्या कारणाचा एक रकाना असतो. नातेवाईक येऊन सांगायचे, ताई, दारू लिहू नका, टीबी लिहू नका, मुलीचं लग्न आहे. एका आमदाराच्या माणसाने टेबलावर मूठ आपटून बघितली. मी त्या रकान्यात डॉक्टरने लिहिलं त्यापेक्षा एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. माणूस खोटं बोलला तर बोलला, कागदाने बोलू नये, एवढा एकच धर्म मी नोकरीत पाळला. हाताला तीच सवय लागली.

चाळी पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि खोली रिकामी करायची वेळ आली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला एक लिफाफा होता. आत इंग्रजी टाइप केलेलं फौजेचं पत्र. मी ते उभ्या उभ्याच वाचलं, जसे हजारो कागद वाचले तसं. नाव, नंबर, वय एकोणीस, लष्करी हॉस्पिटल, ताप सुरू झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख. दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया. हॉस्पिटल इथलंच, घाटावरच्या छावणीतलं. बोटीवर चढायच्या आधीच तो मेला होता. ब्रह्मदेश त्याने नकाशातही पाहिला होता की नाही, कोण जाणे.

पत्राच्या कडेला शिसपेन्सिलीने अवघड इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिले होते. अक्षर आप्पांचं. ते रात्रशाळेत जायचे त्या दिवसांतलं, गोल गोल, काळजीपूर्वक काढलेलं. न्यूमोनियापुढे त्यांनी "फुप्फुसाचा ताप" असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणजे आप्पांना माहीत होतं. पोरवयापासून माहीत होतं.

मला राग आला. रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसून मी मेलेल्या बापाला मोठ्याने बोलले की आप्पा, मला तरी सांगायचं होतं. मग आजोबांचं ते छाती फुगवून गप्प होणं आठवलं. अर्धा इंच कमी छातीच्या भावाला त्यांनीच रांगेत उभं केलं होतं आणि त्याच छातीने तो गेला. ज्या माणसाला हे कळलं, त्याने चाळीला ब्रह्मदेश सांगितला तर त्यात नवल काय. आणि त्यांच्या मुलाने बापाचा शब्द सांभाळला. माझा राग तिथेच विरला. पत्र मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.

टॉवर झाला. आम्हाला बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं, खिडकीतून समुद्र दिसतो, संडास घरात आहे, तक्रार काही नाही. फक्त खोल्यांचे नंबर गेले. मग कमिटीने ठरवलं की खाली लॉबीत काळ्या ग्रॅनाइटचा फलक लावायचा आणि हजेरीतल्या सगळ्यांची नावं जुन्या खोली नंबरासकट कोरायची. कल्पना चांगलीच होती. कमिटीचा सेक्रेटरी एकावन्न नंबरचा नातू, तिशीतला, लोअर परळला कसल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. हुशार आणि कामाला वाघ. त्याने प्रत्येक घराला एक छापील अर्ज दिला. नाव, खोली, कोणत्या आघाडीवर लढले, मृत्यू कसा झाला.

मी अर्ज घेऊन डायनिंग टेबलाशी बसले. पेन उघडलं. शहाण्या माणसाने "ब्रह्मदेश" आणि "वीरमरण" लिहिलं असतं आणि चहा प्यायला असता. माझ्या हाताला ते जमेना. आघाडीच्या रकान्यात मी लिहिलं, "पोचला नाही." मृत्यूच्या रकान्यात लिहिलं, "न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं." आणि खाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, "आधार: फौजेचं पत्र, प्रत जोडली आहे." सही केली, तारीख टाकली. अशी चूक रेकॉर्ड रूममध्ये जन्म काढलेली बाईच करू जाणे.

चार दिवसांनी सेक्रेटरी घरी आला. चप्पल बाहेर काढून, अदबीने बसला.

"मावशी, थोडा इशू आहे. फलक युद्धात गेलेल्यांचा आहे. ही केस टेक्निकली वेगळी आहे ना. ते बाहेर गेलेच नाहीत."

"भरती झाला होता. अंगावर वर्दी होती. सरकारी हॉस्पिटलात मेला. वेगळी कशी?"

"म्हणजे लढाई नाही केली ना. मला वाईट वाटतंय, पण कमिटीने क्रायटेरिया ठरवलाय. उद्या कुणी म्हणेल, आमचे आजोबा पण तापाने गेले, लावा फलकावर." मग तो पुढे सरकला आणि आवाज खाली आणला. "सोपं आहे मावशी. नवीन फॉर्म देतो. तुम्ही आधीचंच लिहा, ब्रह्मदेश. इतकी वर्षं सगळे तेच मानतात. मी हा फॉर्म फाडून टाकतो. कुणी विचारणार नाही."

"आणि मी नाही लिहिलं तर?"

"तर मग नाव नाही बसणार. फलकावर पण नाही आणि हजेरीच्या यादीत पण नाही. यादी आता फलकावरूनच छापतोय आपण, युनिफॉर्म राहावी म्हणून."

म्हणजे खोटं लिहिलं तर पलटणकाका राहणार, खरं लिहिलं तर जाणार. इतकी वर्षं जो हजर होता, तो माझ्या एका अर्जाने पुसला जाणार. सेक्रेटरी नवा कोरा फॉर्म टेबलावर ठेवून गेला. जाताना चहाचा कप स्वतः आत नेऊन ठेवला. मुलगा वाईट नाही, म्हणून तर जास्त चीड आली.

रात्रीच्या जेवणाआधी भावाचा फोन. बातमी कल्याणपर्यंत पोचली होती.

"ताई, कशाला उकरतेस? आप्पांनी आयुष्यभर जे सांगितलं ते खोटं पाडायचं आणि वर काकाचं नाव पण घालवायचं. मिळवलंस काय?"

"तू जानेवारीत येणार आहेस का हात वर करायला?"

"विषय बदलू नको."

"मग तूही मला शिकवू नको," म्हणून मी फोन ठेवला. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. मिळवलं काय? दोन दिवस मी त्या कोऱ्या फॉर्मकडे बघत होते. एकदा "ब्र" लिहिलाही. मग खोडला. खोडलेला कागद मला बघवत नाही, म्हणून फाडला.

कारण मला सारखे आप्पा दिसत होते. शेवटची तीन वर्षं ते पलंगावर उशांना टेकून बसून झोपायचे, आडवं पडलं की दम लागायचा. साचेखात्यात पस्तीस वर्षं कापसाची धूळ ओढलेली छाती. गिरणी बंद झाली तरी ती धूळ काही बाहेर आली नाही. माझ्याच हॉस्पिटलात गेले. दाखल्यावर फुप्फुसाचा जुना विकार असं आलं, आणि ते खरंच होतं, मी बदलायला सांगितलं नाही. पण आप्पा गिरणीत मेले असं कुणी म्हणालं नाही. ते पलंगावर मेले, तर ते पलंगावरच मेलेले धरले गेले. आजाराने मेलेल्या माणसाला लोक असं बघतात, जणू त्यानेच काही कसूर केली. केसपेपर द्यायला-आणायला वॉर्डात जाऊन मी तीस वर्षं बघितलंय की शेवटच्या आठ दिवसांत माणूस एकेका श्वासासाठी किती झगडतो. त्याला जर कुणी लढाई म्हणत नसेल, तर त्याने एक रात्र तिथे बाकड्यावर बसून काढावी आणि मग माझ्याशी बोलावं.

आणि त्या पोराने काय कमी केलं होतं? ज्या गावाने त्याला पायात वहाण घालू दिली नाही, तिथून उठून तो रांगेत दोनदा उभा राहिला. जाईन म्हणाला, सही केली, बूट घातले. बोट आधी येणार की ताप, हे काही त्याच्या हातात नव्हतं. गोळी लागून मेला असं खोटं लिहायचं म्हणजे जसा तो मेला त्याची मलाच लाज वाटते, असं होतं. मला लाज वाटत नव्हती. मी ठरवलं की लिहिणार नाही. नाव गेलं तरी लिहिणार नाही, आणि नावही सहजासहजी जाऊ देणार नाही.

हजेरी पुकारायचे ते आमचे हवालदारकाका. आप्पांच्या बरोबरीचे, पुढच्या एका लढाईत जाऊन परत आलेले, डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिलेली. फौजेतून सुटून आल्यापासून हजेरी त्यांचीच. मी त्यांच्या चौदाव्या मजल्यावर गेले, पत्र दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र नाकाजवळ नेऊन वाचलं. बराच वेळ लावला.

"तुझ्या बापाने मला पण ब्रह्मदेशच सांगितला होता," ते म्हणाले.

"माहीत आहे काका. आता बोला, तुम्ही बेचाळीस पुकारणार का?"

"पोरी, यादी कमिटीची. मला जी छापून देतील ती मी वाचणार. आपल्या मनाने हजेरीत माणूस वाढवायचा नसतो, कमी पण करायचा नसतो. ती सवय मला पन्नास वर्षांची आहे."

मला त्यांच्यावर रागावता येईना. त्यांचाही एक रकाना होता आणि तेही तो माझ्यासारखेच सांभाळत होते.

"मी उभी राहणार आहे," मी म्हटलं.

"रांगेत उभं राहायला कुणाची मनाई नाही." त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि मला परत दिलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी पोडियमवर सगळे जमले. पूर्वी मैदान होतं, आता गाड्यांच्या डोक्यावर फरशी घातलेली गच्ची आहे, कडेला कुंड्या. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, मुलांना बुंदीचे लाडू वाटायला घेतले. लॉबीच्या तोंडाशी फलक आणून ठेवला होता, वर पांढरा कपडा. हजेरीनंतर कपडा काढायचा होता. सेक्रेटरी पांढऱ्या सदऱ्यात धावपळ करत होता. त्याची आजी, एकावन्नच्या काकू, प्लास्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. फौजेत गेलेला तो त्यांचा बाप. तो गेला तेव्हा त्या नीट चालायलाही लागल्या नव्हत्या. एकावन्नचा हात आधी त्यांचे यजमान वर करायचे, मग मुलगा, आता नातू. त्या स्वतः कधी उठल्या नव्हत्या.

मी निळी साडी नेसले होते, आणि सकाळपासून खडीसाखर चघळत होते. रांगेत नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले. सेक्रेटरीने मला बघितलं, बघून न बघितल्यासारखं केलं.

हवालदारकाकांनी कागद उघडला. खोली सात. हजर. खोली एकोणीस. हजर. खोली अठ्ठावीस, हजर. खोली सदतीस, हजर. त्यांनी पुढचा आकडा वाचायला मान खाली घातली. मी उजवा हात वर केला.

"हजर."

आप्पांसारखाच आवाज आला. मलाच दचकायला झालं. लाडू वाटणाऱ्या बायका थांबल्या.

"मावशी, प्लीज," सेक्रेटरी हळूच म्हणाला. "आपलं बोलणं झालं होतं."

"तुझं झालं होतं," मी म्हटलं. हात खाली घेतला नाही.

हवालदारकाकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. "कोण हजर?"

"खोली बेचाळीस."

"यादीत नाही."

"यादी चुकली आहे."

"आघाडी?"

"आघाडीवर पोचला नाही. बोट सुटायच्या आधी छावणीतल्या हॉस्पिटलात गेला. न्यूमोनिया. वय एकोणीस." मी डाव्या हातातला पत्राचा फोल्डर पुढे केला. "ब्रह्मदेश खोटं होतं. आमच्या घरानेच सांगितलं होतं. ते मी परत घेते. त्याला परत घेत नाही."

कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. हवालदारकाका कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेल्या तीन बोटांत कागद धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातलं पेन काढलं.

"पलटणीत सकाळची हजेरी होते," ते म्हणाले. मला उद्देशून नव्हे, सेक्रेटरीला. "तापाने पडलेला जवान असतो, हॉस्पिटलात. त्याला गैरहजर धरत नाहीत. पळालेला गैरहजर. आजारी माणूस यादीत असतोच, नावापुढे आजारी लिहितात. तो यादीतून गेला तर चूक यादी करणाऱ्याची." त्यांनी गुडघ्यावर कागद टेकवून लिहिलं आणि तालात पुकारलं, "खोली बेचाळीस. आजारी."

"हजर," मी पुन्हा म्हटलं, आणि आता हात खाली घेतला.

"खोली एकावन्न."

सेक्रेटरीने सदरा सारखा केला, एक पाऊल पुढे आला, हात वर करायला घेतला.

"हजर," मागून आवाज आला. काकूंनी शालीतून हात बाहेर काढला होता.

"आजी, मी म्हणतो ना."

"तू गप रे. बाप माझा." त्यांनी खुर्चीचा दांडा धरला आणि उभ्या राहिल्या. कुणीतरी धरायला गेलं त्याला हाताने बाजूला केलं. "हवालदार, लिव. माझा बाप बोटीवरच मेला. हगवणीनं. समुद्रात टाकला त्याला. माझ्या आईला बरोबरच्या माणसानं येऊन सांगितलं. ती म्हणाली, लोकांना सांगू नको, हसतील. म्हणून नाही सांगितलं. पोराला पण नाही, नातवाला पण नाही."

सेक्रेटरी तिथेच उभा होता, हात अर्धा वर. पांढऱ्या कपड्याखालच्या फलकावर त्याच्या पणजोबांपुढे काय कोरलं होतं, ते त्यानेच पास केलं होतं.

"खोली एकावन्न. आजारी," हवालदारकाकांनी पुकारलं.

"हजर," काकू म्हणाल्या आणि बसल्या.

मग चोपन्न आली. चोपन्नचा माणूस रिटायर्ड कंडक्टर, भारी बोलका. तो हात वर करून तसाच थांबला, काहीतरी आठवत असल्यासारखा. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

फलकाचा कपडा त्या दिवशी काढलाच नाही. लाडू खाऊन लोक पांगले. मी फोल्डर घेऊन लिफ्टकडे निघाले, तर सेक्रेटरी मागून आला. चेहरा उतरलेला, पण डोळ्याला डोळा देऊन बोलला.

"मावशी, दगड परत पाठवतोय. आघाडीचा कॉलमच काढून टाकतो सगळ्यांचा. फक्त नाव आणि खोली ठेवतो. चालेल ना?"

त्याने हे मन मोठं करून विचारलं होतं, हे मला कळत होतं. चालेल म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मला तो बुटांचा फोटो आठवला, आणि नखाएवढा तो चेहरा.

"काढू नको," मी म्हटलं. "बाकीच्यांचं त्यांना विचार. आमच्या ओळीत अर्जात लिहिलंय तसंच कोर. पोचला नाही."

"मावशी, दगडावर ते असं... बरं दिसेल का?"

"नाही दिसलं तर पुढे अजून दोन शब्द घाल," मी म्हटलं. "निघाला होता."